‘तो खराच मेलो?’

जत्रेतल्या दशावताराला माझ्या पुढेच एक पोरगा आजीच्या मांडीवर पेंगुळला होता. मृदंगाची लय चढली, झांज कडाडली आणि विष्णूने संकासुराला लोळवलं, तसा तो ताडकन उठून बसला. ‘‘आजये, तो खराच मेलो?’’ आजीने त्याच्या पाठीवर हात फिरवला. ‘‘नाय रे झिला. आता आत जाऊन चाय पितलो.’’ पोर पुन्हा आडवं झालं.

सिंधुदुर्गातल्या गावागावात असे वध आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बघतो. तलवारी फिरतात, राक्षस पडतात आणि उजाडता उजाडता सगळे घरी जातात.

पडद्यावरचे वध मात्र वेगळे. 14 फेब्रुवारी 2025 ला ‘छावा’ हा सिनेमा आला. त्यातले शेवटचे संभाजीराजांचे हाल बघवत नाहीत. लहान मुलांना ते दाखवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. 17 मार्चला नागपुरात दंगल झाली. पुढे त्यातल्या एका जखमीचा जीव गेला. दंगलीच्या दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस विधानसभेत म्हणाले की, चित्रपटाला दोष द्यायचा नाही, पण ‘छावा’नंतर औरंगजेबाविरुद्ध लोकांच्या भावना पेटल्या.

भावना पेटल्या, हे खरं. मीही डोळे पुसतच थिएटरबाहेर आलो. पण माझ्यासोबत बाहेर पडलेली माणसं गप्प होती, कुणाचा हात दगडाकडे गेला नाही. नागपूर पेटलं ते महिन्याभराने. मधल्या काळात खुलताबादची औरंगजेबाची कबर उखडण्याची भाषणं झाली, इशारे दिले गेले. दंगलीच्या दिवशी त्याच मागणीसाठी आंदोलन झालं आणि मागोमाग अफवा पसरली. सिनेमाचं नाव घेणाऱ्यांनी त्या भाषणांचाही हिशेब द्यायला हवा.

सिनेमाशिवायही दगड उडतात, हे आमच्या मालवणने जवळून पाहिलंय. राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला, त्यानंतर दोनच दिवसांनी, 28 ऑगस्ट 2024 ला, तिथेच सत्ताधारी आणि विरोधी पक्षांचे कार्यकर्ते भिडले. दगडफेक झाली. ज्यांच्यासाठी मान खाली घालून उभं राहायचं, त्या महाराजांच्या रिकाम्या चौथऱ्याजवळ! त्या कार्यकर्त्यांना कुठल्या सिनेमाने तिथे आणलं नव्हतं.

पडद्यावरच्या रक्ताबद्दल नेत्यांनी जरूर बोलावं, मुलांसाठी नियम कडक करावेत. पण आधी आपली जीभ आवरावी. खेळ संपला की संकासुर सोंग उतरवतो. सभेतला शब्द मात्र कार्यकर्त्याच्या डोक्यात बसून घरी जातो, आणि ‘हे खरं नाय रे झिला’ म्हणणारी आजी तिथे शेजारी नसते.