माफ झालेले कर्ज आणि दुसऱ्याची मानगूट

निरवांगीच्या एका शेतकरी बंधूंनी आम्हांस विचारले आहे की, "ख्रिस्ती लोक म्हणतात, देवाची कृपा फुकट मिळते. मग फुकटच्या वस्तूची किंमत कोण ठेवतो? एकदा कृपा झाली की माणसाने वाटेल तसे वागावे, असाच याचा अर्थ नव्हे काय?" प्रश्न रोखठोक आहे. नीरेच्या काठी राबणाऱ्या माणसाने तो विचारला, याचा आम्हांस आनंद वाटतो. कारण त्याचे उत्तर पोथीपेक्षा सावकाराच्या चोपडीत लवकर सापडते.

येशूने कृपा समजावून दिली ती कर्जाच्याच गोष्टीने. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात ती आहे. एक चाकर राजाचे १०,००० तालांत देणे लागत होता. मजुराला त्या काळी दिवसाला एक दीनार मिळे, आणि एका तालांताचे सुमारे ६,००० दीनार होत. म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी झाली! हे देणे फेडायला दीड लाख वर्षेही पुरायची नाहीत. राजाने त्याला बायकापोरांसह विकण्याचा हुकूम केला. चाकर पाया पडला, मुदत मागू लागला. राजाने मुदत दिली नाही. सगळे देणेच सोडून दिले. कृपा म्हणतात ती ही.

पण गोष्ट येथे संपत नाही. तोच चाकर बाहेर पडला, तो त्याला १०० दीनार देणे असलेला एक सोबती वाटेत भेटला. याने त्याची मानगूट धरली, त्याच्या विनवण्या ऐकल्या नाहीत, आणि त्याला तुरुंगात टाकले. राजाच्या कानी हे गेले तेव्हा त्याने चाकराला पुन्हा बोलावले, आणि पहिली माफी रद्द झाली.

आता निरवांगीकर बंधूंनीच सांगावे, कृपा स्वस्त झाली की महाग? ती विकत मिळत नाही हे खरे. पण घरात आली की ती घराची रीत बदलायला लावते. ज्याची रीत बदलली नाही, त्याच्या पदरात कृपा पडलीच नाही असे समजावे.

हा धडा समजण्यास आमच्या मुलखाइतका लायक मुलूख दुसरा नाही. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते ओढून काढून जाळली. ते सुपे आज बारामती तालुक्यात आहे. पुढे गावोगाव हेच झाले. बहुतेक ठिकाणी त्यांनी कागद जाळले, माणसाच्या जिवाला हात लावला नाही. १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला, तो या धगीमुळे. खत फाटले की छातीवरचा धोंडा कसा उतरतो, हे आमच्या आजे-पणज्यांस कोणा पाद्र्याने शिकवावे लागले नाही.

आणि आम्ही तरी काय वेगळे? २०१७ साली राज्यात कर्जमाफी झाली. २०१९ साली पुन्हा झाली, आणि तिला नाव दिले महात्मा जोतिराव फुले यांचे. ज्यांची खाती कोरी झाली त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, यात गैर काही नाही. पण त्यानंतर आमच्यातल्या किती जणांनी उसाच्या फडात उतरलेल्या कोयत्याकडे पाहिले? नवराबायको दोघे मिळून एक कोयता! मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांना फड सोडता येत नाही. एक दिवस अंग दुखले की खाडा, आणि खाड्याचा दंड. २०१९ साली बीडकडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याची गोष्ट साऱ्या महाराष्ट्राने ऐकली. खाडा पडू नये ही धास्ती त्याच्या मुळाशी होती. ज्याची दीड-दोन लाखांची बाकी सुटली, त्याच्याच बांधावर दुसऱ्याची मानगूट धरली जाते आणि तो तोंड फिरवतो. चाकराची गोष्ट यरुशलेमची राहिली नाही. ती आमच्या फडात घडते आहे.

कोणी म्हणेल, हे ख्रिस्त्यांचे शास्त्र, आम्हांस त्याचे काय? त्यांस आम्ही केडगावचा रस्ता दाखवतो. पुणे-सोलापूर वाटेवरचे ते गाव आमच्या लोकांना परके नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. इकडे शिव्यांची लाखोली सुरू झाली, तेव्हा १८८५ साली ‘सत्सार’ काढून त्यांची बाजू घेणारे जोतिरावच होते. १८९६-९७ च्या दुष्काळात बाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या आणि केडगावी मुक्तिसदन उभे केले. तेथे मुली विणकाम शिकल्या, तेलघाणा चालवू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. बाईंनी सबंध बायबल साध्या मराठीत आणले, ते बायाबापड्यांना कळावे म्हणून. १९२२ साली देह ठेवीपर्यंत हे काम त्यांनी सोडले नाही. कृपा रोजच्या कामात उतरते ती अशी.

आणि ध्यानात ठेवा, इंग्लंडातल्या धर्मगुरूंनी ‘आम्ही सांगतो तेच मान’ म्हटले तेव्हा त्यांनाही बाईंनी साफ कळवले की, एका पुरोहितवर्गाचे जू मानेवरून काढले ते दुसऱ्याचे घेण्यासाठी नव्हे. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हेच तर आमचे म्हणणे!

येथे ख्रिस्ती बंधूंसही चार शब्द सुनावणे भाग आहे. रविवारी एका प्याल्यातून घ्यायचे आणि सोमवारी सोयरीक जुळवताना जुनी जात विचारायची, ही कसली कृपा? बाप्तिस्म्याचे पाणी डोक्यावर पडले आणि ब्राह्मण ख्रिस्ती, महार ख्रिस्ती, मांग ख्रिस्ती ही नावे मात्र कोरडीच राहिली! याकोबाने आपल्या पत्रात बजावले आहे की, उघड्यानागड्या भावाला ‘सुखी राहा’ म्हणून वाटेला लावणाऱ्याचा विश्वास मेलेला आहे. ते पत्र देवळात वाचून मिटून ठेवण्यासाठी नाही.

आणि जे पारावर बसून ‘दुष्काळात पोटासाठी बाटले’ असे हिणवतात, त्यांस आम्ही एवढेच विचारतो : ते उपाशी होते तेव्हा तुमच्या पेवाचे तोंड उघडे होते काय? भाकरी देणाऱ्याचा देव त्यांनी घेतला, तर लाज भाकरी न देणाऱ्यास वाटली पाहिजे.

जोतिरावांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त असे कुटुंब सांगितले आहे की, ज्यात बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असूनही सारे गोडीने नांदतात. तेव्हा निरवांगीच्या बंधूंनी कोणता देव मानावा, हे आम्ही सांगणार नाही. माफी मिळालेल्या माणसाने काय करावे, एवढेच सांगतो. यंदा टोळी फडात उतरली की स्वतः बांधावर जा. प्यायला पाणी आहे का, पोरांना सावली आहे का, ते पाहा. कोयत्याच्या हिशेबाची वही मुकादमाला आपल्यासमोर वाचायला लावा. आजारी बाईचा खाडा लावू देऊ नका. तुमचे कर्ज कोणीतरी सोडले आहे. आता दुसऱ्याची मानगूट सोडवा.