मोठी चूल कीं फुंकणी ?

ह्या सदरांत आजवर मीं व्याकरणावर लिहिलें, पंचांगावर लिहिलें, सासूसुनांच्या वादांतही एकदोनदां नाक खुपसलें. परंतु मोटारीवर लिहिण्याचा प्रसंग येईल असें स्वप्नांतही वाटलें नव्हतें. सायकलीपलीकडे मला कोणतेंही वाहन चालवितां येत नाहीं. माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें स्थायिक झाला आहे, त्याचें गेल्या चैत्रांत पत्र आलें. त्याच्याजवळ १९६९ सालची एम्. जी. बी. जी. टी. ही छोटी स्पोर्ट्स मोटार आहे. तिची शक्ति वाढवावी असें त्याच्या आणि त्याच्या वीस वर्षांच्या मुलाच्या मनांत आलें. मुलगा म्हणतो, आहे त्याच इंजिनाला टर्बोचार्जर बसवूं. बाप म्हणतो, तें काढून मोठ्या घनफळाचें इंजिन बसवूं. वाद इतका विकोपास गेला कीं, दोन महिने गराजचें दार उघडलें नाहीं, आणि जेवतांना दोघेही मोटारीखेरीज जगांतील सर्व विषयांवर बोलतात. शेवटीं लिहिलें होतें, "गुरुजी, आपणांस मोटारींतलें कांहीं कळत नाहीं, म्हणूनच आपण पंच व्हावें. ज्याला कळतें तो आधींच कोणत्या तरी पक्षाचा असतो."

पंचाचें पद असें अज्ञानाच्या जोरावर मिळालें. तें राखण्यासाठीं मात्र मला तीन महिने पुस्तकें वाचावीं लागलीं, आणि आमच्या आळींतल्या मोटारदुरुस्तीच्या दुकानांत स्टुलावर बसून विद्यार्थी व्हावें लागलें. जें समजलें तें वाचकांपुढें ठेवतों.

मूळ गोष्ट हवेची आहे. एक किलो पेट्रोल पुरतें जाळावयाचें तर सुमारें पंधरा किलो हवा लागते. पेट्रोल हवें तितकें ओततां येतें. अडतें तें हवेपाशीं. म्हणून इंजिनाची शक्ति वाढविणें म्हणजे त्याच्या पोटांत अधिक हवा घालणें, ह्यापलीकडे ह्या वादाचें रहस्य नाहीं. माझ्या लहानपणीं घरीं मातीची चूल होती. पन्नास पानें व्हावयाचीं असलीं म्हणजे आई अंगणांत विटांची मोठी चूल मांडी. परंतु पाहुणे अवचित दारीं उभे राहिले तर ती नेहमींच्याच चुलीपुढें बसून फुंकणीनें जाळ वाढवी. भात दोन्ही रीतींनीं शिजे. मात्र फुंकणीच्या भातावरून नजर हलवितां येत नसे, आणि असे प्रसंग वरचेवर आले कीं चुलीची माती तडके. बापाचें म्हणणें मोठी चूल मांडावी. मुलाचें म्हणणें फुंकणी मारावी.

दट्ट्या खालीं येतांना सिलिंडरांत जी पोकळी उघडते, तिची सर्व सिलिंडरांतली बेरीज म्हणजे इंजिनाचें घनफळ. एम्. जी. बी.च्या चार सिलिंडरांचें तें १७९८ घन सेंटिमीटर आहे. मोठ्या इंजिनाची कल्पना ह्यावरून कोणालाही करतां येईल. टर्बोचार्जराची युक्ति अधिक मजेची आहे, आणि ती कालपरवांची नाहीं. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी ह्यांनीं १९०५ सालींच तिचें पेटंट घेतलें. इंजिनांतून बाहेर फेकला जाणारा तप्त धूर एका चक्राच्या पात्यांवर सोडतात. तें चक्र मिनिटास लाखाच्या वर फेरे घेऊं शकतें. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास आणखी एक चक्र असतें; तें बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत कोंडतें. म्हणजे चुलीच्या धुरानेंच फुंकणी मारावयाची! वाया जाणाऱ्या वस्तूचा असा उपयोग पाहून कोणत्याही गृहिणीला समाधान वाटेल. हवेचा दाब वायुमंडलाच्या निम्म्यानें वाढविला तर १७९८ चें इंजिन हिशेबानें सुमारें २७०० च्या इंजिनाइतकी हवा घेतें. प्रत्यक्षांत थोडी कमी, कारण दाबलेली हवा तापते आणि तापलेली विरळ होते.

ह्या तापण्यांतच सर्व मेख आहे. आधींच तापलेली हवा सिलिंडरांत पुन्हां दाबली गेली म्हणजे ठिणगीपासून निघालेली ज्योत पोंचण्यापूर्वींच उरलेलें मिश्रण एकदम भडकतें आणि दट्ट्यांवर हातोड्यासारखे घाव बसतात. तें टाळण्यासाठीं सिलिंडरांतील दाबाचें प्रमाण मुळांतच कमी करावें लागतें. मग टर्बोचें चक्र वेगांत नसतांना इंजिन पूर्वींहूनही मंद वाटतें. शिवाय पाय दाबल्यावर चक्रास वेग येईपर्यंत क्षणभर कांहींच घडत नाहीं, आणि मग जें घडावयाचें तें सारें एकदम घडतें. गाडी त्या वेळीं वळणावर असेल तर हा क्षण लहान वाटत नाहीं.

हा वाद एकदां शर्यतीच्या मैदानांत लढला गेला. लंडनच्या क्रिकलवुड भागांत डब्ल्यू. ओ. बेंटली ह्यांचा मोटारींचा कारखाना होता. त्यांच्या साडेचार लिटरच्या गाडीनें १९२८ सालीं फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढें अधिक शक्ति कोठून आणावी असा प्रश्न निघाला. हेन्री बर्किन ह्या धाडसी शर्यतवीराचें मत, ह्याच इंजिनाला सुपरचार्जर बसवावा. सुपरचार्जर हा टर्बोचा थोरला भाऊ. फरक इतकाच कीं, तो धुरावर न फिरतां इंजिनाच्याच दांड्यावर फिरतो. बेंटलींना ही जबरदस्ती मुळींच मान्य नव्हती. शक्ति हवी तर घनफळ वाढवा, असा त्यांचा आग्रह. त्यांच्या दोन इंजिनांचें गणित मी पूर्वींच्या वर्गांत आनंदानें घातलें असतें. दोहोंत सिलिंडराचा व्यास १०० मिलिमीटर आणि दट्ट्याची धांव १४० मिलिमीटर. एकांत सिलिंडर चार, दुसऱ्यांत सहा. म्हणून पहिलें ४३९८ घन सेंटिमीटरांचें, तर दुसरें बरोबर दीडपट, ६५९७ चें.

बर्किननीं हट्ट सोडला नाहीं. डॉरथी पॅजेट ह्या धनाढ्य बाईंनीं पैसा पुरविला आणि 'ब्लोअर' बेंटली तयार झाली. शर्यतीसाठीं सजविलेल्या ब्लोअरची शक्ति सुमारें २४० अश्वशक्ति. सहा सिलिंडरांच्या 'स्पीड सिक्स'ची सुमारें २००. कागदावर फुंकणी जिंकली होती. १९३० च्या जूनमध्यें ल माँ येथें दोन्ही जातींच्या गाड्या उतरल्या. बर्किननीं एक चाक गवतावर घालून काराचिओलांच्या बलाढ्य मर्सिडीझला मागें टाकलें. प्रेक्षक उभे राहिले असतील. रात्रीं मर्सिडीझ थकून बाहेर पडली. पण शर्यत संपावयाच्या आंत दोन्ही ब्लोअरही बंद पडल्या, आणि पहिला व दुसरा क्रमांक दोन स्पीड सिक्स गाड्यांनीं पटकावला. तरी फुंकणी हरली इतकेंच म्हणून थांबणें अर्धसत्य होईल. त्याच वर्षीं पो येथील फ्रेंच ग्रां प्रीमध्यें बर्किन ब्लोअरवर दुसरे आले. १९३२ सालीं ब्रुकलँड्सच्या वर्तुळावर त्यांनीं ताशीं १३७.९६ मैलांचा विक्रम केला, आणि तीच एकासनी गाडी २०१२ सालीं लिलांवांत पन्नास लाख पौंडांहून अधिक किंमतीस गेली. एका फेरीच्या पराक्रमास फुंकणी, चोवीस तासांच्या संसारास मोठी चूल, असा त्याचा अर्थ. ज्या कारखान्यांत हा वाद रंगला तो मात्र १९३१ सालीं कर्जांत बुडून रोल्स-रॉइसच्या हातीं गेला.

येथवर वाचून कॉव्हेंट्रीचा बाप हर्षभरित होईल. पण त्यानें एम्. जी.च्याच घरांतला इतिहास पाहावा. १९६७ सालीं ह्याच गाडींत २९१२ घन सेंटिमीटरांचें सहा सिलिंडरांचें इंजिन घालून एम्. जी. सी. ही गाडी काढण्यांत आली. शक्ति वाढली, पण तें बिडाचें इंजिन जुन्याहून सुमारें ९५ किलोंनीं जड. पुढची चाकें तोलणारी रचना बदलावी लागली, बॉनेटवर टेंगूळ आलें, आणि वळणावर गाडी नाक जड करून बाहेर जाऊं पाहते अशी तक्रार झाली. सुमारें नऊ हजार गाड्यांनंतर १९६९ सालीं ती बंद पडली. नंतर १९७३ सालीं कारखान्यानें ह्याच गाडींत रोव्हरचें ३५२८ घन सेंटिमीटरांचें आठ सिलिंडरांचें इंजिन घातलें. हें घनफळानें जवळजवळ दुप्पट. पण ॲल्युमिनियमचें असल्यामुळें वजनानें चार सिलिंडरांच्या इंजिनाच्या जवळपासच. तोल बिघडला नाहीं, आणि धांवावयास पूर्वींइतके फेरेही घ्यावे लागेनात. १९७६ पर्यंत अशा २५९१ गाड्या झाल्या. चूल मोठी होती, पण ओट्याला पेलणारी होती.

मुलाच्या पक्षासही एक गोष्ट सांगावयाची आहे. हें रोव्हरचें इंजिन मुळांत अमेरिकेंतल्या ब्यूइकचें. त्याच कुटुंबांतलें ओल्ड्समोबीलचें ३.५ लिटरचें इंजिन १९६२ सालीं टर्बोचार्जर लावून 'जेटफायर' नांवाच्या मोटारींत विकावयास आलें. शक्ति २१५ अश्वशक्ति. सिलिंडरांतील दाबाचें प्रमाण कमी न करितां पूर्वोक्त हातोडे टाळावे म्हणून बाटलींत शुद्ध पाणी आणि मेथॅनॉल ह्यांचें मिश्रण ठेवून तें हवेबरोबर सोडण्याची योजना होती. युक्ति निर्दोष, परंतु मालकांना बाटली भरण्याची आठवण राहीना. दोन वर्षांत गाडी बंद झाली, आणि पुढें कित्येक गाड्यांवरील टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसविण्यांत आले. दोष यंत्राचा म्हणावा कीं माणसाचा? मला वाटतें, रोज लक्ष मागणारी वस्तु रोज लक्ष न देणाऱ्याच्या हातीं दिली, हा दोष.

हें लिहीत असतां मला माझीच एक चूक आठवली. मी तीस वर्षांचा असतांना एका हुशार मुलाकडून एका वर्षांत दोन इयत्तांचा अभ्यास करवून घेतला. पहांटे चारला उठणें, शाळा सुटल्यावर माझ्या घरीं आणखी दोन तास. तो परीक्षेंत वर आला आणि सत्कार माझा झाला. पुढल्या वर्षीं त्याला डोकेदुखीनें घेरलें. भूमितीचें पुस्तक उघडलें कीं हात कांपूं लागे. सहामाहीनंतर तो शाळेंत आला नाहीं. त्याची बुद्धि लहान नव्हती. त्याच्या घरीं दोन वेळां काय शिजतें, त्याला झोंप किती मिळते, हें मीं एकदांही विचारलें नव्हतें. मी नुसता फुंकीत राहिलों.

म्हणून पंचनिवाड्यांत मीं मुलास लिहिलें: "चिरंजीवा, टर्बो ही वाईट विद्या नव्हे. आजच्या असंख्य गाड्या त्यावरच चालतात. परंतु त्यांचे दट्ट्ये, बेअरिंगें, तेलाचे मार्ग आणि हवा निवविण्याची सोय पहिल्या रेघेपासून त्यासाठींच आंखलेली असते. तुझ्या गाडीचें इंजिन तसें जन्मलें नाहीं. तें हाडापर्यंत उघडून मजबूत दट्ट्ये घालण्याची, दाबाचें प्रमाण उतरविण्याची आणि रोज तेल पाहण्याची तयारी असेल तरच फुंकणी हातांत घे." बापास लिहिलें: "जुन्या गाडीस शक्ति हवी तर हलकें मोठें इंजिन अधिक योग्य, असें माझें मत झालें आहे. परंतु त्यास जागा करण्यासाठीं आंतले पत्रे कापावे लागतात; आणि मग गिअरबॉक्स, मागचा आंस आणि ब्रेक हेही त्या शक्तीस जोडीचे पाहिजेत. पुन्हां जोडतां येणार नाहीं असें कांहीं कापूं नये, आणि जुनें इंजिन विकूं नये. ह्याच इंजिनाचे सिलिंडर कोरून १९५० घन सेंटिमीटरांपर्यंत नेण्याचा मधला मार्गही आहे, तो विसरूं नये." आणि दोघांस मिळून एक अट घातली: कांहींही विकत घेण्यापूर्वीं आहे त्या इंजिनाच्या चारही सिलिंडरांचा दाब मापून मला कळवावा.

आषाढांत उत्तर आलें. तिसऱ्या सिलिंडराचा दाब इतरांच्या मानानें फारच कमी निघाला. इतकीं वर्षें गाडी तीन सिलिंडरांच्या खांद्यावर चालत होती, आणि हे दोघे तिला अशक्त म्हणत होते! आतां दर शनिवारीं गराजचें दार उघडतें. एकानें झडपा घासावयाच्या, दुसऱ्यानें दिवा धरावयाचा. टर्बो कीं मोठें इंजिन, हा प्रश्न तूर्त फळीवर ठेवला आहे.

पत्राच्या तळाशीं मुलानें, जमेल तशा मराठींत, स्वतःच्या हातानें दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यानें विचारलें होतें, "आजोबा, तुमच्या त्या विद्यार्थ्याचें पुढें काय झालें?"

त्या मुलाचें घर माझ्या घरापासून दोन आळ्या सोडून होतें. मी कधीं गेलों नाहीं. त्या दोन ओळींचें उत्तर लिहावयाचें आहे, म्हणून उद्यां सकाळीं जाणार आहें.