समुद्राचे राखणदार कोण?

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून कोळी बांधव होड्या पुन्हा पाण्यात लोटतात. पावसाळ्यात जाळी किनाऱ्यावर ठेवण्याची ही शिस्त त्यांना कोणत्याही कायद्याने शिकविलेली नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ सालचा. रूढी त्याहून कितीतरी जुनी. असे असता समुद्राचे नियम करण्याचा सारा अधिकार सरकारी कचेरीत आणि ते मुकाट्याने पाळण्याचे काम तेवढे कोळीवाड्याकडे, ही वाटणी आम्हांस न्याय्य वाटत नाही. आणि अनुभव असा की ती उपयोगाचीही ठरलेली नाही.

नियमांची उणीव आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन नौकांवर निर्बंध घातले गेले आणि त्यांना सप्टेंबर ते डिसेंबर हे चारच महिने देण्यात आले. प्रखर एलईडी दिव्यांच्या झोतात थवेच्या थवे ओढून घेणाऱ्या मासेमारीवर केंद्राने २०१७ साली बंदी घातली. २०२१ साली राज्याने दंडाची रक्कम लाखांत नेली. २०२३ साली पापलेटला राज्य माशाचा मान मिळाला. २०२५ च्या आरंभी किनाऱ्यावर ड्रोनची टेहळणीही सुरू झाली. आणि तरीही लहान होडीचा मच्छीमार रात्री क्षितिजावर दिव्यांची रांग पाहतो व सकाळी अर्धी रिकामी टोपली घेऊन परततो, ही तक्रार बंदराबंदरांतून ऐकू येतेच आहे.

याचे कारण उघड आहे. सात जिल्ह्यांचा किनारा आणि बारा सागरी मैलांपर्यंतचे पाणी मूठभर अधिकारी व थोड्या गस्ती नौका राखू शकत नाहीत. जो रोज त्या पाण्यावर असतो, ज्याला कोणत्या खाडीच्या मुखाशी पिल्ले वाढतात हे ठाऊक असते, त्याला मात्र राखणदाराचा अधिकार नाही. तो अर्ज करू शकतो, फार तर मोर्चा काढू शकतो.

दुसरी वाट आहे काय? आहे, आणि ती आपल्याच देशात चोखाळली गेली आहे. केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी सरोवर आहे. तेथे आपल्या तिसऱ्यांच्या कुळातले शिंपले काढले जातात. निर्यातीच्या ओघात १९९१ साली उत्पादन दहा हजार टनांच्या घरात गेले आणि दोनच वर्षांत निम्म्यावर आले. तेव्हा मच्छीमार, शास्त्रज्ञ व सरकार एकत्र बसले. डिसेंबर ते फेब्रुवारी काम बंद ठेवावे, जाळ्याचा आस तीस मिलिमीटरांहून लहान नसावा, बारीक शिंपले परदेशी धाडू नयेत, असे नियम ठरले. आणि ठरविण्यात ज्यांचा हात होता त्यांनीच ते पाळले. २०१४ साली शाश्वत मासेमारीचे जागतिक प्रमाणपत्र मिळविणारी ती भारतातील पहिली मासेमारी ठरली. पुढे २०१७ साली केरळने आपल्या कायद्यातच गाव, जिल्हा व राज्य अशा तिन्ही पातळ्यांवर मत्स्यव्यवस्थापन समित्यांची तरतूद केली.

ही कथा येथेच संपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. अष्टमुडीचे शिंपले पुन्हा रोडावले आणि शास्त्रज्ञांना तेथे बीज सोडावे लागले. शहराची घाण आणि बिघडते पाणी एकट्या मच्छीमारांना रोखता येत नाही. म्हणूनच आम्ही सहव्यवस्थापन म्हणतो. समुद्र कोळीवाड्यांच्या हवाली करून सरकारने हात झटकावे, असा त्याचा अर्थ नव्हे.

यावर आक्षेप येईल की, नियम मोडणारेही मच्छीमारच आहेत. आक्षेप खरा आहे. पर्ससीनचे मालक पुष्कळदा याच किनाऱ्यावरचे असतात. बारीक आसाच्या डोलजाळ्यांत पापलेटची पिल्ले अडकतात, हे पारंपरिक मच्छीमारांनाही नाकारता येणार नाही. परंतु वर्गातील खोडकर मुलांवर जबाबदारी सोपविली की वर्ग सुधारतो, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत असते. दुरून आलेल्या दंडाला माणूस चुकवितो. शेजाऱ्यासमोर दिलेला शब्द मोडताना तो कचरतो.

तेव्हा राज्याने करावयाचे ते असे. दर बंदरावर कायद्याचे बळ असलेली समिती नेमावी. तीत लहान होड्यांचे मच्छीमार, खलाशी आणि मासळी विकणाऱ्या स्त्रिया यांना जागा असावी. केवळ नौकामालकांची ती सभा होऊ नये. जाळ्याचा आस, राखीव जागा आणि बंदीचे दिवस ठरविताना तिचे मत बंधनकारक असावे. नव्या परवान्यांबाबत तिला विचारल्याखेरीज निर्णय होऊ नये. उतरलेल्या मासळीची नोंद दोघांनी मिळून ठेवावी. खोल पाण्यातील गस्त, प्रदूषणाचा बंदोबस्त आणि बलाढ्यांवरील कारवाई हे मात्र सरकारचेच काम राहील.

आणि आपण शहरवासी? तळहाताएवढे पापलेट स्वस्त मिळाले म्हणून पिशवीत टाकणारा हातही या लुटीत सामील असतो. राज्यानेच लहान माशांच्या आकाराची मर्यादा २०२३ साली घालून दिली आहे. ती ग्राहकाने पाळली तर विक्रेत्यालाही पाळावी लागेल.

ज्याने समुद्र पिढ्यान्‌पिढ्या जपला त्याला आपण आज केवळ आरोपी किंवा अर्जदार म्हणून ओळखतो. त्याला भागीदार म्हणून ओळखण्याची वेळ टळून गेली, तर राज्य माशाचा मान उरेल आणि मासा उरणार नाही.