पाणी घेतलं, उजेड दिला

तानसा धरण १८९२ साली पुरं झालं, तेव्हापासून शहापूर तालुका मुंबईला पाणी पाजतो आहे. पुढे भातसा झालं. आणि मार्च-एप्रिल लागला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर हंडे मांडून टँकरची वाट बघणाऱ्या बायकाही दरवर्षी आहेतच. पाण्यावर या जागेवरून पुष्कळ लिहून झालं. मुंबईने बदल्यात काय दिलं, त्याबद्दल आज लिहायचं आहे. मुंबईने दिला उजेड.

जानेवारी हा आपल्याकडे आकाश बघायचा महिना. पावसाळ्याचे चार महिने वर काही दिसत नाही आणि मे महिन्यात हवा धुरकट असते. आता अमावास्येच्या आसपास धसई-टोकावड्याकडे जाऊन उभं राहिलं, तर पूर्वेला गोरखगड, सिद्धगड, नाणेघाट अशी सह्याद्रीची सलग भिंत दिसते, आणि दिवेलागणीलाच मृग त्या भिंतीच्या वर आलेला असतो. पोटातले तीन तारे म्हणजे व्याधाने मारलेला बाण. जुनी माणसं त्याला तिकांडं म्हणतात. ज्या मृगाची शेतकरी जूनमध्ये चातकासारखी वाट बघतो, ते नक्षत्र तेव्हा दिसतच नाही, कारण सूर्यच त्यात बसलेला असतो. मृग बघायचा तो आत्ता, भात झोडून झाल्यावर. थोड्या वेळाने दक्षिणेला अगस्त्य वर येतो, तोही फार तर अठरा अंश. तानसाच्या जंगलाच्या बाजूला अंधार अजून इतका टिकून आहे की वायव्येला देवयानी दीर्घिकेचा फिकट डाग दुर्बिणीशिवाय सापडतो. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश, आणि तो बघायला कल्याणपुढे लोकलची काही स्टेशनं जायचं. याहून स्वस्त सहल मला तरी माहीत नाही.

आता पाठ फिरवून पश्चिमेला बघा. भिवंडी-कल्याणच्या डोक्यावर पांढुरका पट्टा आहे आणि तो वर सरकतो आहे. गोदामं वाढली. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला, तो शहापूर तालुक्यातूनच जातो. रस्ता नको असं मी म्हणणार नाही. पण रस्त्यामागून जमिनीचे दलाल आले, त्यांच्यामागून ‘निसर्गाच्या कुशीत’ अशी जाहिरात करणारे फार्महाऊसचे प्लॉट आले, आणि प्रत्येक कुंपणाच्या खांबावर रात्रभर जळणारा पांढरा एलईडी आला. मालक येणार शनिवारी. दिवा मात्र सातही रात्री चालू. माझा खरा राग या दिव्यावर आहे.

पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश जास्त असतो आणि निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. दिवसा आभाळ निळं दिसतं ते त्याच कारणाने. म्हणून उघडा पांढरा दिवा आपल्या अंगणापुरता राहत नाही, तो शेजारच्या चार गावांचं आभाळ मळवतो.

जंगलाचं काय होतं? इथे सगळ्याच घुबडांच्या नावाने गळा काढायचा मोह आवरायला हवा. १८८४ नंतर नाहीसा झाला असं समजलेला रानपिंगळा १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि २०१४ मध्ये आपल्या तानसात दिसला. पण तो बहुतेक दिवसाच शिकार करतो. नुकसान होतं ते काजव्यांचं. मेअखेरीला सिद्धगडाच्या रानात नर लुकलुकतो तो मादीला दिसावा म्हणून. तिला तो झगमगाटात दिसला नाही, तर पुढच्या वर्षीचे काजवे येणार कुठून? त्यात काजवे बघायला म्हणून येणारे हेडलाइट आणि मोबाइलचे टॉर्च घेऊन झाडाखाली उभे राहतात, ती तऱ्हा वेगळीच. दिव्याभोवती जमणारे पतंग सकाळी खांबाखाली केरात भरून टाकावे लागतात, ते तर कुणाच्या हिशोबातच नाहीत.

यावर गावातून येणारं उत्तर मला ठाऊक आहे आणि ते खोटं नाही. रात्री पायाखाली घोणस येते, घरात मण्यार शिरते, गोठ्याशी बिबट्या येतो. शहरातून तारे बघायला आलेल्यांनी कातकरी वाडीला अंधारात राहा म्हणून सांगणं हा शुद्ध उद्धटपणा आहे. दिवा हवाच. पण साप जमिनीवर असतो. गावाच्या मध्यभागी निधीतून उभारलेला हायमास्ट आभाळ उजळतो आणि वाडीच्या वाटेवर, जिथे पाय पडतो, तिथे काळोखच राहतो. हायमास्टचं उद्घाटन होतं, फोटो निघतो. वाटेवरच्या टोपीवाल्या छोट्या दिव्याची फीत कोण कापणार?

हे जमतं का, तर जमतं. लडाखच्या हान्ले खोऱ्यात, त्या थंड वाळवंटात, २०२२ साली अंधाराचं राखीव क्षेत्र जाहीर झालं आणि तिथले गावकरी आता दुर्बिणी लावून पाहुण्यांना आकाश दाखवतात. हान्ले लांब राहिलं म्हणाल, तर नागपूरजवळचं पेंच बघा. जानेवारी २०२४ मध्ये ते देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरलं. त्याआधी सिल्लारी, वाघोलीसारख्या भोवतालच्या गावांतले शंभरहून अधिक दिवे बदलून खाली वळवले होते. दिवे बदलले, गावं अंधारात गेली नाहीत.

२६ जानेवारीला ग्रामसभा आहे. शहापूर-मुरबाडच्या सरपंचांनी आणि सदस्यांनी एवढा एकच ठराव मांडावा: यापुढे गावात येणारा प्रत्येक दिवा वरून झाकलेला, खाली तोंड असलेला आणि पिवळसर हवा, आणि मालक नसताना फार्महाऊसचे बाहेरचे दिवे रात्री दहानंतर बंद. फार्महाऊसवाले वाचत असतील, तर त्यांनी ठरावाची वाट न बघता या शनिवारीच बटण दाबावं.