पाच किलोची काठी

ट्रेकिंग पोल म्हणूनही आणि कॅमेऱ्याचा एकपायी आधार, म्हणजे मोनोपॉड, म्हणूनही चालणाऱ्या काठीच्या खोक्यावर ठळक छापलं होतं : कमाल भार 5 किलो. माझं वजन 82. हे गणित चौथीतल्या पोराला दुकानातच सुटलं असतं. मला ते राजगडावरून गुंजवण्याकडे उतरताना, चोर दरवाजाखालच्या घसाऱ्यावर, बूड आपटून सुटलं. काठी टेकवली, अंग तिच्यावर टाकलं आणि खालचं कांडं वरच्यात सर्रकन गेलं. छत्री मिटावी तसं.

परत येऊन विचारलं, तर विक्रेता शांतपणे म्हणाला, "सर, तो आकडा कॅमेऱ्याचा आहे." वा! नाव ट्रेकिंग पोलचं, पैसे ट्रेकिंग पोलचे, आणि माप मात्र कॅमेऱ्याचं. माणसाचं माप विचारलं, तर ते कुठेच छापलेलं नाही.

पण एकट्या विक्रेत्याला कशाला झोडू? "एकात दोन" म्हटलं की आपला मराठी मध्यमवर्गीय हात आपोआप पाकिटाकडे जातो. एक ना धड, भाराभर चिंध्या, ही म्हण आपलीच ना?

या दोन कामांचं एकमेकांशी पटतच नाही. चालायची काठी कोपर काटकोनात ठेवणारी हवी. साडेपाच फुटी माणसाला साधारण 115 सेंटिमीटर. कॅमेरा डोळ्याशी आणायला दीडशेच्या आसपास लागतात. म्हणजे पक्षी दिसला की थांबा, कांडी सोडा, ओढा, आवळा, मुठीवरचा गोळा फिरवून काढा, खाली दडलेल्या पाव इंची स्क्रूवर कॅमेरा बसवा. तोवर पक्षी पलीकडच्या खोऱ्यात आणि गोळा कारवीत. काही काठ्यांत मनगटाला हादरा बसू नये म्हणून स्प्रिंग घालतात. मनगट सुखावतं खरं, पण त्याच स्प्रिंगवर कॅमेरा डोलतो. ती बंद करता येत नसेल, तर फोटोचं नावच काढू नका.

बरं, एवढा खटाटोप कशासाठी? 200 मिलिमीटरच्या लेन्सला हातात धरून सेकंदाचा दोनशेवा भाग लागतो असा जुना ठोकताळा. एका पायाच्या आधाराने पन्नासाव्या भागापर्यंत उतरता येतं. छान. पण तेवढं काम हल्ली कॅमेऱ्यातलं नाहीतर लेन्समधलं स्थिरीकरण निमूटपणे करतं. माचीवरून सूर्यास्त टिपणाऱ्याला मोनोपॉडची गरजच नाही. ती आहे चार-सहाशे मिलिमीटरची तोफ घेऊन पाणवठ्यावर बसणाऱ्याला, आणि तो काही ती काठी टेकत गड उतरत नाही.

तरीही हौस असेल, तर आधी काठी घ्या, स्क्रू वरकड. पिळून आवळायच्या सांध्यात चिखल गेला की तो घट्ट झाला की नुसताच फिरला ते कळत नाही. खटका निदान डोळ्यांना दिसतो. ॲल्युमिनियम वाकतं, कार्बन फायबर सरळ मोडतं. मला वाकलेली चालते, ती घरापर्यंत तरी आणते. टोक कातळावर पकडणारं हवं. रबरी बूच पावसाळी शेवाळावर काय करतं, ते माझ्या पँटला विचारा.

आता मी दुकानात काठी पूर्ण उघडतो, दोन्ही हात तिच्यावर ठेवतो आणि पाय उचलतो. परवा काउंटरमागून आवाज आला, "सर, सर, मोडेल ती!"

"मग आत ठेवा," म्हटलं.