बदली अटळ, काम चालू

प्रशासकीय सेवेत आलेल्या माणसाला अनित्यता ग्रंथातून शिकावी लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या दालनात आजवरच्या अधिकाऱ्यांचा नामफलक असतो : नाव, 'पासून', 'पर्यंत'. शेवटच्या नावापुढील 'पर्यंत'चा रकाना तेवढा रिकामा असतो. तो भरणार हे निश्चित. केव्हा, हे अनिश्चित.

या अनिश्चिततेला आळा घालण्याचे प्रयत्न झाले आहेत. महाराष्ट्राने २००५ साली बदल्यांचा कायदा करून सर्वसाधारण कार्यकाल तीन वर्षांचा ठरविला. टी. एस. आर. सुब्रमणियन आदी निवृत्त अधिकाऱ्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली किमान कार्यकाल निश्चित करण्याचे निर्देश दिले. पुढे २०१४ साली भारतीय प्रशासन सेवेच्या संवर्ग नियमांत दोन वर्षांची तरतूद आली. हे आवश्यकच होते. तथापि नियमाला अपवाद असतात, आणि तीन वर्षे पूर्ण मिळाली तरी ती तीनच.

अशा वेळी दोन वृत्ती दिसतात. एक म्हणते, 'उद्या जायचेच आहे, तर आरंभ कशाला?' दुसरी म्हणते, 'जाण्यापूर्वी माझ्या नावाचे काहीतरी उभे राहू दे.' पहिली आळसाला वैराग्य म्हणते, दुसरी घाईला कर्तृत्व. मला दोन्ही अमान्य आहेत. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे घालणाऱ्या विधवेला साहेबांच्या कार्यकालाशी कर्तव्य नसते. तिला सातबाऱ्यावर आपले नाव हवे असते.

आमच्या अभिलेख कक्षात कागदांचे वर्गीकरण त्यांच्या आयुष्यावरून होते. 'अ' वर्ग कायम जतन करावयाचा, 'ब' तीस वर्षे, 'क' दहा, 'ड' एक वर्ष. हातातील कामाला मी हीच कसोटी लावतो. उद्घाटनाचे छायाचित्र 'ड' वर्गात जाते. अचूक झालेली एक वारसनोंद पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडते. दिवसाचा वेळ कोठे द्यावा, हे मग वेगळे ठरवावे लागत नाही.

अनिलकुमार लखीना यांनी १९८० च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना कार्यालयाची मांडणी आणि कामकाजाची पद्धत बदलली. ते गेले, पद्धत 'लखीना पॅटर्न' म्हणून राज्यभर पोहोचली. अर्थात पद्धतही अमर नसते. लक्ष हटले की टेबलावर गठ्ठे पुन्हा साचतात. म्हणून तिला रोजच्या निगराणीची गरज असते.

माझ्या मते अनित्यता स्वीकारणे म्हणजे कामाची आस सोडणे नव्हे. काम आपल्यावाचून चालेल असे करणे होय. निर्णयाची कारणे संचिकेवर स्पष्ट लिहावीत, कनिष्ठांना काम शिकवून अधिकार द्यावेत, आणि कार्यभार सोपविण्याची टिप्पणी बदलीच्या आदेशाची वाट न पाहता पहिल्याच महिन्यापासून लिहीत जावी.

नोकरीपायी घरापासून दूर, गावोगाव बिऱ्हाड हलविणाऱ्या वाचकांना हे नवे नाही. भाड्याच्या घरातही आपण अंगणात रोप लावतोच. त्याला पाणी मात्र आजच घालावे लागते.