गळ, तिथी आणि गोळ्यांची डबी

दिवाळी उरकली, धरणे भरलेली असली आणि पहाटे अंगावर गोधडी ओढावीशी वाटू लागली, की दवाखान्यात एक प्रश्न दरवर्षी ठरल्यासारखा येतो. वडील तपासणीच्या खाटेवरून उतरून चपला शोधत असतात. तेवढ्यात मुलगा किंवा सून मागे रेंगाळते आणि आवाज खाली आणून विचारते, “डॉक्टर, आण्णांना गळ टाकायला धरणावर जाऊ द्यावे का? ऐकतच नाहीत.”

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेचा. पाण्यासाठी आभाळाकडे डोळे लावून बसणारा. तरीही राहुरीजवळचे मुळा धरण, अकोले तालुक्यात 1926 साली पूर्ण झालेला भंडारदऱ्याचा जलाशय, श्रीगोंद्याचा विसापूर तलाव, शेवगाव-नेवाशाच्या कडेने पसरलेला नाथसागराचा फुगवटा यांच्या काठी पोरवयात गळ टाकायला शिकलेली माणसे आज सत्तरीत आहेत. नोकरी संपली, शेती मुलांच्या हाती गेली. गळाची काठी मात्र माळ्यावर जपून ठेवलेली आहे. घरचे ती काठी लपवतात. त्यांची भीती मला समजते. परंतु “आता कुठेही जायचे नाही” हा हुकूमही एक प्रकारचे औषधच आहे आणि त्याचे दुष्परिणाम मी रोज पाहतो. घराबाहेर पडण्याचे कारण संपलेल्या माणसाच्या मांड्या वर्षभरात बारीक होतात, रात्रीची झोप दिवसा वाटली जाते आणि भुकेची तक्रार सुरू होते. म्हणून माझे उत्तर बहुधा “जाऊ द्या” असेच असते. कधी, किती वेळ आणि कोणाबरोबर, हे मात्र आधी ठरले पाहिजे.

मासेमारीचे शौकीन आपली सहल तीन गोष्टी पाहून आखतात: ऋतू, हवा आणि चंद्र. त्यांच्याच क्रमाने आपणही जाऊ.

ऋतूबाबत एक मौज ध्यानात घ्यावी. माशाला स्वतःची ऊब नसते. पाणी जितके गार, तितका तो गार. उतारवयातील शरीराचेही थोडेफार तसेच होते. त्वचेखालची चरबी पातळ होते, घाम उशिरा येतो, तहान वेळेवर कळत नाही आणि बाहेरच्या हवेचा चढउतार तरुणाइतक्या सफाईने सावरता येत नाही. त्यामुळे माशाच्या सोयीची वेळ आणि आपल्या सोयीची वेळ यांचे बऱ्याच अंशी जुळते.

थंडीचेच पाहा. रोहू, कटला, मृगळ हे मासे पौषातल्या पहाटे मंदावलेले असतात. काठालगतच्या उथळ पाण्याला ऊन लागून ते जरा कोमट झाले, की ते हालचाल करू लागतात. दहा-अकरापासून तिसऱ्या प्रहरापर्यंतचा वेळ त्यांचा. पहाटे पाचला कुडकुडत धरण गाठण्याची परंपरा या ऋतूत माशाच्या दृष्टीनेही व्यर्थ आहे आणि हृदयाच्या दृष्टीने तर धोक्याची. हृदयविकाराचे झटके व पक्षाघात सकाळच्या तासांत अधिक येतात. त्यात थंडीने रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढतो. तेव्हा नाश्ता करावा, सकाळच्या गोळ्या घ्याव्यात, कानटोपी चढवावी आणि ऊन अंगणात उतरल्यावर निघावे. दम्याच्या रुग्णांनी आपला पंप खिशात ठेवावा. पिशवीत तळाशी ठेवलेला पंप ऐनवेळी सापडत नाही.

उन्हाळ्यात गणित उलटे होते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून भर दुपारी मासा खोल जातो आणि आमिषाकडे फिरकत नाही. तो उथळात येतो तो झुंजूमुंजू होताना. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि धरणकाठी सावलीचे झाड क्वचितच असते. म्हणून उजाडताना पोहोचावे आणि नऊच्या आत घरी यावे. ज्यांना लघवी होण्याची गोळी चालू आहे, त्यांनी उन्हाळ्यातील सहलीआधी आपल्या डॉक्टरांना गोळीची वेळ विचारून घ्यावी. ती परस्पर बंद करू नये. “तिथे लघवीला कुठे जायचे” म्हणून पाणीच न पिणारे पुष्कळ असतात. त्यांना उन्हाची चक्कर आधी गाठते.

पावसाळा मात्र सोडूनच द्यावा. रोहू, कटला यांच्या प्रजननाचा हा काळ. वाहत्या, चढत्या पाण्यात ते अंडी सोडतात. श्रावणात अनेक घरांत मासे वर्ज्य असतात, त्यामुळे अनायासे त्यांनाही उसंत मिळते. आपल्यासाठी या दिवसांत निसरडा काठ, गढूळ पाणी, गवतातली घोणस आणि लेप्टोस्पायरोसिस अशी चार कारणे आहेत. शेवटचा आजार उंदरा-गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायांच्या भेगांवाटे शिरतो. पाण्यात उतरल्यानंतरच्या काही दिवसांत ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल अशी लक्षणे दिसली, तर “मी पाण्यात उतरलो होतो” हे वाक्य डॉक्टरांना आधी सांगावे. तेवढ्याने निदान लवकर होते.

पाऊस थांबला म्हणजे नदीचा भरवसा आला, असे मात्र समजू नये. प्रवरेच्या किंवा मुळेच्या पात्रात बसणाऱ्यांनी आवर्तनाची चौकशी केल्याशिवाय निघूच नये. काही वर्षी मुळा आणि भंडारदरा-निळवंडे या धरणांतून जायकवाडीसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी सोडले जाते. 2023 च्या नोव्हेंबरातही ते सोडले होते. आभाळ निरभ्र, ऊन लख्ख आणि पात्रातले पाणी मात्र चढते, अशी ती अवस्था असते. तरुण माणूस दोन उड्यांत काठ गाठतो. गुडघ्याची वाटी झिजलेल्याने पात्रातल्या खडकावर मुळात बसूच नये. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या भिंतीवर बसण्याची आवडही त्यातलीच.

आता हवा. वादळापूर्वी हवेचा दाब उतरू लागला, की मासा अधाशासारखा खातो, असे जुने गळवाले सांगतात. गंमत म्हणजे माझे गुडघेदुखीचे रुग्णही हवेच्या दाबाचेच नाव घेतात. मँचेस्टर विद्यापीठाच्या 2019 मधील अभ्यासात दमट, कमी दाबाच्या, वाऱ्याच्या दिवशी दुखणे वाढते असे आढळले, पण ते अगदी थोडे. म्हणजे आपला गुडघा सर्वस्वी खोटे बोलत नाही, पण वेधशाळेची जागाही घेऊ शकत नाही. मासा खातो की नाही हा वाद बाजूला ठेवावा. ज्या हवेत तो खातो असे म्हणतात, तीच हवा विजेची असते. वैशाख-ज्येष्ठातले वळीव आणि परतीचा पाऊस यांत दुपारनंतर ढग जमतात. मोकळ्या काठावर उंच धरलेली, कार्बन तंतूची नवी काठी विजेला आमंत्रणच देते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप नातवाकडून मोबाइलमध्ये घालून घ्यावे. गडगडाट ऐकू आला की काठी खाली ठेवून गाडीत किंवा पक्क्या घरात जावे, झाडाखाली नव्हे. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नये.

चंद्राबद्दल सर्वांत जास्त बोलले जाते. अमेरिकेत जॉन आल्डेन नाइट यांनी 1926 च्या सुमारास चंद्र-सूर्याच्या स्थितीवरून माशांच्या खाण्याच्या वेळा मांडल्या. तशी कोष्टके आज मोबाइलवरही मिळतात. कोकणात उधाण आणि भांग पाहून मासेमारी चालते, आणि ते सार्थच आहे, कारण समुद्राला भरती-ओहोटी आहे. मुळा धरणाला ती नाही. तिथला चढउतार पाटबंधारे खाते ठरवते. गोड्या पाण्यात पौर्णिमेच्या उजेडाने काही मासे रात्री खात असतील आणि दिवसा सुस्त राहत असतील, इतपत मानता येईल. त्यापुढचे सारे मला तरी विश्वासावर सोडून द्यावेसे वाटते.

तथापि आपण तिथी अवश्य पाहावी, ती माशासाठी नव्हे तर पायांसाठी. मोतीबिंदू असलेल्या किंवा झालेल्या डोळ्यांना अंधारातला उतार दिसत नाही, आणि माझ्या अनुभवात धरणकाठचे पडणे बहुतेक परतीच्या वाटेवर, सामान आवरून चढ चढताना होते. चंद्र दररोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत सूर्यास्ताच्या वेळी तो आभाळात हजर असतो किंवा उगवत असतो. संध्याकाळी परतायचे असेल तर हे दिवस उत्तम. पौर्णिमेनंतर वद्य अष्टमीपर्यंत तो पहाटे डोक्यावर किंवा पश्चिमेला असतो; उन्हाळ्यात उजाडण्याआधी निघणाऱ्यांना हा आठवडा बरा. अमावास्येच्या आसपास दिवसाउजेडीच परतावे. बॅटरी मात्र पौर्णिमेलाही हवीच, कारण साप तिथी पाहत नाही. साप चावल्यास चिरणे, चोखणे, घट्ट आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. तो अवयव हलू न देता 108 ला फोन करावा आणि प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे. निघण्यापूर्वीच ते कुठे आहे याची चौकशी झालेली असावी.

संकष्टी किंवा एकादशीचा उपवास असेल त्या दिवशी मधुमेहींनी सहल ठेवू नये. इन्सुलिन घेतले, फराळ घरी राहिला आणि मासा लागल्याच्या नादात दुपार झाली, हा प्रसंग काठावर एकट्याने निभावण्यासारखा नाही. एरवीही गोळ्यांच्या डबीशेजारी साखर किंवा ग्लुकोजची पुडी हवी.

बसण्यासाठी पाठ असलेली, गुडघ्याइतक्या उंचीची घडीची खुर्ची न्यावी. दगडावर उकिडवे बसू नये. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी एकदम उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. पाण्यावरचे बूच बुडाले की माणूस तिडीक लागल्यासारखा उठतो, आणि पुढे पाणी असते. बूच बुडाले तरी बसूनच तंगूस ओढावा. थर्माकोलच्या तराफ्यावर तर मुळीच चढू नये, मग तो नेणारा कितीही ओळखीचा असो.

गळ बोटात रुतला तर उलटा ओढू नये. तंगूस कापून, गळ तसाच ठेवून दवाखान्यात यावे आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू असल्यास तसे सांगावे. शिंगटा, मांगूर यांसारख्या मिशीवाल्या, बिनखवल्याच्या माशाचा काटा टोचला तर विलक्षण ठणका लागतो. तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंशांच्या, अर्धा ते दीड तास बुडवल्याने आराम पडतो. मधुमेहाने बोटांची जाणीव कमी झाली असेल, तर पाणी किती गरम आहे हे दुसऱ्याने हात घालून पाहावे. नाहीतर काट्याची जखम राहते बाजूला आणि भाजल्याचा उपचार करावा लागतो. दोन्ही वेळी धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते आठवून सांगावे.

काळजीवाहूंसाठी एवढेच, की जागा आधी पाहून या. आपल्याकडचे बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, नाथसागराचा परिसर पक्षी अभयारण्य आहे. परवानगी विचारल्याशिवाय म्हाताऱ्या माणसाला तिथे नेऊन अपमानाचा प्रसंग आणू नये. मोबाइलला रेंज कुठपर्यंत आहे, गाडी काठाच्या किती जवळ जाते, हे पाहावे. सोबत एक माणूस हवाच, आणि त्याने तिथे बसून दर दहा मिनिटांनी “चला आता” म्हणू नये. अलीकडेच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, चालताना छातीत दुखणाऱ्यांनी, फिट येणाऱ्यांनी किंवा वरचेवर पडणाऱ्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. त्यांना सरसकट हो म्हणणे मला जमणार नाही.

विस्मरणाच्या आजाराच्या सुरुवातीला असलेल्यांबद्दल मात्र घरचे लोक विनाकारण फार लवकर नाही म्हणतात. सकाळी काय खाल्ले हे न आठवणारा माणूस गळाची गाठ मात्र न बघता बांधतो, कारण हातांची शिकलेली आठवण मेंदूत निराळ्या वाटेने जपली जाते आणि ती बरीच उशिरा जाते. त्यांना उतार नसलेला सपाट काठ निवडावा, पाण्यापासून चार हात मागे खुर्ची मांडावी, नाव आणि फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवावी आणि क्षणभरही एकटे सोडू नये. निघण्याआधी गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा. मग गळ बोटात शिरला तरी सहज निघतो. चार मासे सुटतील, ते सुटू द्यावेत.